घरातल्या अडगळीतून कोलाज कॅनव्हास: पहिल्यांदा करणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

पहिलाच कोलाज, म्हणजे कागद आणि वस्तू चिकटवून केलेलं चित्र, करायला बसणारे बहुतेकजण उलट्या टोकानं सुरुवात करतात. बटणं, नाणी, चाव्या, शंख, दिसेल ते डब्यात टाकत राहतात आणि डबा भरला की कॅनव्हाससमोर बसून डोकं खाजवतात. मग जे तयार होतं ते भरगच्च असतं, पण ते कुणाचं आहे हे काही कळत नाही.

म्हणून आधी विषय ठरवा, आणि तो जेवढा बारीक धराल तेवढं पुढचं काम हलकं होईल. ‘माझं कोल्हापूर’ असला विषय पहिल्या फटक्यात घेऊ नका. त्यात अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, चप्पल, मिसळ, कुस्ती सगळेच येऊन बसतात आणि कॅनव्हास दुकानाच्या कॅरीबॅगेसारखा दिसायला लागतो. त्यापेक्षा ‘आजीचा चटणीचा दिवस’ घ्या, ‘रंकाळा स्टँड ते विद्यापीठ, रोजची बस’ घ्या. माझ्या भिंतीवर एक आहे तो वडिलांच्या नोकरीवरचा. त्यांनी उमेदीची वर्षं उद्यमनगरात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर, काढली. पुढची उदाहरणं बहुतेक त्यातलीच येतील.

विषय ठरला की चाळणी आपोआप लागते. प्रत्येक वस्तू हातात घेऊन ‘ही का?’ याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. ‘बाबा हिच्यात मापं लिहायचे’ हे उत्तर झालं. ‘छान दिसते’ हे उत्तर नव्हे. ती वस्तू डब्यात परत.

वस्तू: काय उचलायचं, काय नाही

सगळ्यात चांगला माल घरातच असतो आणि तो दिवाळीच्या साफसफाईत वर येतो. खिशातली डायरी, कारखान्याचा गेटपास, जेवणाच्या डब्याचं चेपलेलं झाकण, दोऱ्यानं बांधलेली चष्म्याची काडी, हात पुसून काळा झालेला कॉटन वेस्टचा गोळा. वडिलांच्या कॅनव्हासवर यातलंच बहुतेक आहे, आणि मधोमध त्यांनीच कातलेला एक पितळी बुश, म्हणजे मशीनमधली पोकळ गोल कडी.

बाहेरून आणायचं तर आपल्या गावासारखं गाव नाही. उद्यमनगरात कुठल्याही लेथच्या खाली पाहा. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, काम चालू असेल तर बारीक भुगा पडतो, कारण बीड ठिसूळ, ते तुटत तुटत निघतं. स्टीलचं काम असेल तर लांबलचक वेटोळी निघतात, तापून निळी-जांभळी झालेली. ही निळी वेटोळी कोलाजमध्ये फार देखणी दिसतात. मागायला जायचं ते जेवणाच्या सुट्टीत, मशीन बंद असताना. ‘काका, ह्यातलं मूठभर नेऊ काय?’ म्हटलं की ‘न्या की, काय करायचाय त्याला’ असं उत्तर येतं. पोतंभर मागाल तर मात्र वजनकाटा लागेल, तो माल भंगारात किलोवर जातो. वेटोळ्यांची कड पात्यासारखी असते, त्यामुळं जाड हातमोजे घालूनच हात लावा. त्यावर कटिंग ऑइलचा थर असतो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून दोनदा धुवा आणि लगेच फडक्यानं टिपून उन्हात टाका. ओलं राहिलं तर संध्याकाळपर्यंत गंज दिसायला लागतो.

चपलेचं कातडं हवं असेल तर सुभाषनगर, जवाहरनगर भागात कारागिरांकडं कात्रणं निघतात. विषयच चपलेचा असेल तर अख्खी चप्पल चिकटवण्यापेक्षा नुसता गोंडा, एखादा कान किंवा वेणीचा तुकडा घ्या, तेवढ्यानं ओळख पटते. गुजरीत, सराफांच्या पेठेत, फुकट काही मिळेल या आशेवर जाऊ नका. तिथला केरसुद्धा विकला जातो, झारेकरी तो धुऊन त्यातून सोनं-चांदी काढतात.

काही गोष्टी न उचललेल्या बऱ्या. पंचगंगेच्या घाटावर किंवा पिंपळाखाली लोक देवांच्या जुन्या तसबिरी ठेवून जातात. कुणीतरी निरोप देऊन ठेवलेल्या वस्तू आहेत त्या, आपल्या कामासाठी नाहीत. तालमीतली तांबडी मातीही मागू नका. एकतर तिला तिथं मान आहे, आणि दुसरं म्हणजे तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरलेलं असतं. तेलामुळं ती चिकटत नाही आणि पावसाळ्यात बुरशी धरू शकते. कुस्तीचा रंग हवा असेल तर पन्हाळ्याकडची साधी लाल माती वस्त्रगाळ करून फेविकॉलमध्ये कालवा. थर पातळ द्या, जाड दिला तर भेगा पडतात. जोतिबाचा गुलाल वापरायचा मोह सगळ्यांना होतो. त्यातला रंग पाण्यात सुटतो आणि एकदा सुटला की वर पांढऱ्या रंगाचे कितीही हात मारा, गुलाबी पुन्हा वर येतोच. गुलाल हवाच असेल तर बुचाच्या छोट्या बाटलीत भरून बाटली लावा.

कागदाचं वेगळं सांगतो, कारण पहिल्या वर्षातच कोलाज खराब होतो तो बहुधा कागदामुळं. बसमध्ये मशीनमधून निघणारं तिकीट, दुकानाचं बिल, एटीएमची पावती हे सगळे उष्णतेवर छापणारे कागद. त्यावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात आणि जास्त उष्णता लागली तर आख्खा कागद काळा पडतो. तिकीट मिळालं त्याच आठवड्यात त्याची झेरॉक्स काढा आणि झेरॉक्स चिकटवा. जुनी, ठशाची, कंडक्टरनं पंच केलेली तिकिटं मात्र तशीच चालतात. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडणारच. त्याच्या लगद्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. पिवळेपणा आवडत असेल तर खुशाल लावा, नको असेल तर तीही झेरॉक्सच. फोटो आणि पत्रं मूळ कधीच वापरायची नाहीत. शाईच्या प्रिंटरवर काढलेली प्रत ओलाव्यानं फुटते, दुकानातली झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट फुटत नाही.

मूळ फोटोंना अपवाद एकच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांच्याकडं एखादा तरी चिकटून गठ्ठा झालेला अल्बम असतो. तो टाकवत नाही आणि उघडताही येत नाही. अशा गठ्ठ्याची कड नीट पाहा. फोटोंचे रंग एकमेकांत उतरून निळे, केशरी पट्टे झालेले असतात, मध्येच कुणाचा तरी अर्धा खांदा, साडीचा काठ. सुटे होत नसतील ते फोटो ओढून फाडण्यापेक्षा तो थरच धारदार कटरनं कापून लावा. त्याआधी मास्क लावून, अंगणात बसून मऊ ब्रशनं बुरशी झाडून घ्या आणि चांगलं ऊन द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय त्या गठ्ठ्याला कटर लावू नका, हे वेगळं सांगायला नको.

पाया

दुकानात चौकटीवर ताणलेला कॅनव्हास मिळतो तो रंगकामासाठी. त्यावर लोखंड-लाकूड लावलं की तो मधे झोळ खातो. हलक्या कामाला, म्हणजे कागद, कापड, पानं यांना तो चालेल, आणि मागून पुठ्ठा कोंबला तर आणखी थोडं पेलेल. वस्तू लावायच्या असतील तर ९ एमएम प्लायचा तुकडा घ्या आणि त्यावर कॅनव्हासचं कापड चिकटवा, किंवा नुसता प्लायच वापरा. फर्निचरवाल्याकडं कापून उरलेले तुकडे असतात. पहिल्या कामाला १२ बाय १६ इंच पुरे. त्याहून मोठं घेतलं की ते भरायच्या नादात चाळणी सैल होते.

प्लायला १२० नंबरचा पॉलिश पेपर मारा, धूळ पुसा. एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी असं पातळ करून एक हात द्या. तो लाकडात मुरतो आणि पुढचे थर पिऊन टाकत नाही. वाळल्यावर जेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात, एक आडवा, एक उभा. जेसो महाग वाटला तर भिंतीला लावायचा पाण्याचा प्रायमर चालतो. मागच्या बाजूलाही एक हात द्याच. एकाच बाजूला ओल बसली की प्लाय वाकतो.

जमेल तर हे काम दिवाळी ते मे या दिवसांत करा. एप्रिलमध्ये तासाभरात वाळणारा थर जुलैमध्ये दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकट लागतो.

आधी सुकं मांडा

काहीही चिकटवायच्या आधी सगळं प्लायवर नुसतं मांडा आणि दोन-चार दिवस तसंच राहू द्या. येता-जाता हात लागेल, काहीतरी सरकेल, काहीतरी निघेल. प्रत्येक मांडणीचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. रंग गेले की कुठं सगळंच करडं झालंय आणि कुठं गडद-फिकं नीट पडलंय ते लगेच कळतं. डोळे किलकिले करून पाहण्याचा चित्रकारांचा जुना उपाय आहे तोच हा.

मोठी वस्तू एकच ठेवा आणि ती बरोबर मध्यभागी नको. थोडी खाली, थोडी बाजूला. माझ्या कामात बुश मधोमध आहे, पण तो गोल आहे आणि सगळी वेटोळी त्याच्याभोवती फिरतात म्हणून ते खपतं. साधारण एक तृतीयांश जागा मोकळी राहू द्या. मोकळी म्हणजे अगदी कोरी नव्हे. नुसता कागद किंवा नुसता रंग चालेल. यावर घरात वाद होणार, ‘एवढी जागा वाया घालवली’ म्हणून. होऊ द्या.

आपल्याकडं आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्यापासून निसर्गचित्राची आणि व्यक्तिचित्राची मोठी परंपरा, त्यामुळं कोलाज दाखवला की ‘हे चित्र काय?’ असा प्रश्न हमखास येतो. बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवले, मूर्ती घडवल्या आणि सिनेमाचा कॅमेरासुद्धा इथंच जुळवून तयार केला. लेथ आणि ब्रश या गावाला एकमेकांना परके नाहीत. बाहेरचं उदाहरण मागितलं तर शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी सांगा. १९५७ साली दृष्टी गेल्यावर ते हातानं चाचपत कागद कापून कोलाज करत राहिले.

चिकटवणं

इथं घाई करायची नाही. एका डिंकानं सगळं चिकटत नाही; कुठल्या दोन गोष्टी एकत्र आणायच्यात त्यावर डिंक ठरतो.

कागद आणि कापडाला पांढरा फेविकॉल, थोडं पाणी घालून. क्रम असा: प्लायवर ब्रशनं पातळ थर, कागदाच्या पाठीवर पातळ थर, कागद फुगून मऊ पडेपर्यंत मिनिटभर थांबायचं, मग ठेवायचा. मधून कडेकडे जुन्या एटीएम कार्डनं दाबत न्या म्हणजे हवा निघते. वर बटर पेपर आणि त्यावर जाड पुस्तकं. कागद ठेवल्या ठेवल्या सुरकुत्या आल्या तर घाबरू नका. वाळताना कागद आकसतो आणि बऱ्याचशा जातात. हवेचा फुगा मात्र जात नाही, तो ओला असतानाच काढा. घरची मैद्याची खळ इथं नको, तिच्यावर झुरळं आणि कसर येते. पूर्वी बाइंडर खळीत मोरचूद घालायचे ते त्यासाठीच, पण ते विष आहे, घरात मुलं असताना तो उद्योग करू नये.

लाकडावर लाकूड, बिया, दोरा, काथ्या याला घट्ट फेविकॉल, पाणी न घालता. बिया, डाळी आधी कडक उन्हात वाळवून घ्या, नाहीतर आतून भुंगे निघतील. गुळाच्या ढेपेचं गोणपाट वापरणार असाल तर गोडवा धुऊन काढा. मुंग्यांना कलेशी घेणंदेणं नसतं.

कातडं, रबर, सायकलची ट्यूब याला चांभारकामाचं रबर सोल्यूशन किंवा फेविबाँड. दोन्ही पृष्ठभागांना लावायचं, बोटाला चिकटणार नाही इतपत सुकू द्यायचं आणि मगच एकमेकांवर दाबायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून जागा पेन्सिलीनं आखून ठेवा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस पेटलेला नको.

धातू, काच, दगड, चिनी माती याला फेविकॉल धरत नाही. त्यात पाणी असतं, ते सुकायला वाट मिळत नाही आणि लोखंड असेल तर खालून गंज चढतो. इथं अ‍ॅरल्डाइटसारखं दोन ट्यूबचं काम. दोन्ही सारखे घेऊन एकजीव घोटायचे. पाच मिनिटांत बसणारं मिळतं, पण जड वस्तूला रात्रभर घेणारं जास्त भरवशाचं. चकचकीत पृष्ठभाग आधी पॉलिश पेपरनं खरवडा आणि स्पिरिटनं पुसा. गुळगुळीतावर काहीच पकड घेत नाही. वस्तूचं बूड वेडंवाकडं असेल तर एम-सील रंग एकसारखा होईपर्यंत मळून खाली बैठक करा. फेविक्विक झटपट लागतं, पण ठिसूळ असतं. भिंतीवर लावलेला कोलाज कुणी दार आपटलं की दणका खातो आणि फेविक्विकचे तुकडे पहिले खाली येतात.

आणि खरंच जड वस्तू असेल, पान्ह्यासारखी किंवा कुलुपासारखी, तर चिकटवूच नका, बांधा. प्लायला वस्तूच्या दोन्ही बाजूंनी बारीक भोकं पाडा, मोटार वाइंडिंगची तांब्याची तार वस्तूवरून घेऊन मागं ओढा आणि पक्कडनं पीळ द्या. वाइंडिंगवाल्याकडं जळालेल्या मोटारीची तार असते, तिचा रंग काळपट तपकिरी झालेला असतो आणि तो कोलाजवर वाईट दिसत नाही. बुश मी असाच बांधलाय. तार लपवायची गरज नाही.

गंजलेली वस्तू लावायची तर सुटा गंज ब्रशनं झाडा आणि उरलेल्यावर पारदर्शक वार्निशचे दोन हात द्या. नाहीतर पावसाळ्यात शेजारच्या कागदावर तांबडे ओघळ उमटतात. एक खास कोल्हापुरी भानगड इथंच सांगतो. चपलेचं कातडं पारंपरिक पद्धतीनं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं. त्यातलं टॅनिन ओलाव्यात लोखंडाला भेटलं की काळं पडतं, आणि तो डाग काही केल्या निघत नाही. कातडं आणि लोखंड शेजारी हवं असेल तर दोन्हींवर आधी वार्निश चढवा.

क्रम लक्षात ठेवा: आधी सगळा कागद, तो पूर्ण वाळल्यावर कापड आणि कातडं, धातू शेवटी. धातू आधी लावला की त्याच्याखाली कागद सारत बसावं लागतं.

सगळं एकत्र आणणारा रंग

चिकटवून झाल्यावर वस्तू अजून सुट्या-सुट्याच वाटतात. इथं पुष्कळजण सोनेरी स्प्रेचा डबा उचलतात आणि सगळ्यावर फवारून मोकळे होतात. माझा याला ठाम विरोध आहे. बाबांच्या डब्याचं झाकण सोनेरी केलं तर ते कुणाच्याही डब्याचं झाकण झालं. त्यापेक्षा गडद तपकिरी अ‍ॅक्रिलिक भरपूर पाण्यात पातळ करा, एका कोपऱ्यात लावा आणि लगेच सुती फडक्यानं पुसून घ्या. खोलगट जागी रंग राहतो, उंचवट्यावरून जातो. असं कोपऱ्याकोपऱ्यानं पुढं सरका. नवा कागद आणि जुनी डायरी एका घरातली वाटायला लागतात. ज्या कागदावरचं अक्षर वाचलं जावं असं वाटतं तिथं हा हात देऊ नका. लोखंड, पितळही वगळा.

शेवटी मॅट वार्निश, दोन पातळ हात. चकचकीत वार्निश ट्यूबलाइटखाली एवढं चमकतं की वस्तू दिसतच नाहीत.

टांगणं

उठावाचं काम असल्यानं नेहमीची फ्रेम बसत नाही. फ्रेमवाल्याला बॉक्स फ्रेम सांगा आणि सर्वांत उंच वस्तूपेक्षा बोटभर जास्त खोली घ्या. काच हवी की नको हे विषयावर. गुलालाची बाटली, पुरातले फोटो असतील तर हवी. नुसतं लावायचं तर मागं वरून एक तृतीयांशावर दोन्ही बाजूंना कड्या स्क्रूनं बसवा, मधून तार. भिंतीत एका खिळ्याऐवजी दोन, म्हणजे तिरकं होत नाही. वजन जास्त असेल तर ड्रिलनं भोक पाडून प्लगमध्ये स्क्रू. पावसाची झड बसणारी पश्चिमेची भिंत आणि स्वयंपाकघर दोन्ही टाळा. धूळ झाडायला मऊ रंगाचा ब्रश, ओलं फडकं नाही.

टांगण्यापूर्वी पाठीवर पर्मनंट मार्करनं कुठली वस्तू कुणाची आणि कुठून आली ते लिहून ठेवा. लावलेल्या मालातले उरलेले तुकडे, चार वेटोळी, कातड्याचं एक कात्रण, झेरॉक्सची दुसरी प्रत, हे एका पाकिटात घालून तिथंच चिकटवा. वर्षा-दोन वर्षांनी काही निखळलं की त्यातूनच दुरुस्ती होते.